सोसायटीने कुत्र्याला लिफ्टबंदी केली आणि महिना 1000 चार्ज लावला, हे चालतं का?

मोतीची_आई
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, ओनरशिपचा फ्लॅट. आमचा मोती गावठी आहे, 11 वर्षांचा, मागचे पाय धरलेत त्यामुळे जिने उतरताना प्रत्येक लँडिंगला बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो. मागच्या रविवारी जनरल बॉडी झाली, मी नेमकी भाच्याच्या मुंजीला गेलेले, तेवढ्यात ठराव पास. कुत्री लिफ्टमधून न्यायची नाहीत, नेली तर 500 दंड, आणि वर दरमहा 1000 रुपये "पेट चार्ज" मेंटेनन्समध्ये. वॉचमनला सांगून ठेवलंय, तो बिचारा मला बघितलं की दुसरीकडे तोंड करतो. चेअरमन म्हणतात बहुमताचा ठराव आहे, कोर्टात गेलात तरी आम्हीच जिंकू. खरं आहे का हे? आणि तक्रार करायची तर कोणाकडे, पोलीस की मनपा की अजून कोण?

कागदवाला_काका
ताई, बहुमताने सगळं करता येतं हा सोसायट्यांचा जुना गैरसमज आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक आहे, त्यात सरळ लिहिलंय की बहुमत असो नाहीतर एकमत, पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत. भुंकतो म्हणून काढा असंही म्हणता येत नाही. आता चेअरमन म्हणणार ते परिपत्रक आहे, कायदा नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे त्यांचं, पण 2021 मध्ये केरळ हायकोर्टाने पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारे बायलॉज, म्हणजे सोसायटीची लेखी नियमावली, बेकायदेशीर ठरवलेत. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नसला तरी वकील आधी तोच पुढे ठेवतात.

आता कुठे जायचं ते. पोलिसात ठरावाविरुद्ध जाऊन काही होत नाही, ते "आपापसात मिटवा" म्हणून चहा पाजून परत पाठवतील. सोसायटीचा ठराव म्हणजे उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार, नाहीतर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. आधी सेक्रेटरीकडे लेखी अर्ज देऊन ठरावाची प्रत मागा आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही काही दिलंच नव्हतं असं समजा.

एक चूक मात्र करू नका. रागाने अख्खा मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीदार ठरवून व्याज लावायची सोय बायलॉजमध्ये आहे आणि मग कुत्रा राहतो बाजूला, तुम्हीच आरोपी होता. बाकीचं बिल वेळेत भरा, वरचे 1000 मान्य नाहीत असं पत्र जोडा.

सेक्रेटरी_बारा_वर्षं
दुसरी बाजूही ऐका. मी दुसऱ्या एका सोसायटीत सेक्रेटरी आहे, शिव्या खायची सवय आहे. कायदा कुत्र्याला राहू देतो, पण पावसाळ्यात लिफ्टमध्ये कुत्र्याने पाय वर केला आणि मालक फोनवर बोलत पार्किंगमध्ये निघून गेला की मॉप घेऊन कोण येतं? आमच्याकडची झाडूवाली मावशी दोनदा काम सोडून गेली. आम्ही बंदी नाही घातली, लिफ्टमध्ये एक जुनं फडकं आणि फिनेलची बाटली ठेवली आणि पट्टा आखूड धरा असा बोर्ड लावला, तेव्हा कुठे जरा सुधारलं. दंड लावायचा आमचाही विचार होता, वकिलाने सांगितलं की विनंती करा, दंडाला कायद्यात आधार नाही.

आणि चावला तर मात्र मालकाला सुटका नाही हे लक्षात ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम 291, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी आयपीसीत हेच 289 होतं.

डोंबिवलीचा_पक्या
ताई लायसन्स आहे का मोतीचं? मला सहा वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं, आमच्या ब्रुनोने पार्सलवाल्या पोराच्या पँटला दात लावला, रक्तही नाही आलं, पण पोलीस चौकीत पहिला प्रश्न हाच. लायसन्स दाखवा, रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड दाखवा. कार्ड होतं, लायसन्स नव्हतं, तिथेच माझा आवाज बसला. महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याची नोंदणी लागते, दरवर्षी रिन्यू करायची, त्याला रेबीजचं चालू वर्षाचं सर्टिफिकेट लागतं. घरोघरी येऊन कोणी तपासत नाही, सगळं तक्रार झाली की सुरू होतं.

खारूताई
आमच्याकडे "कुत्री नकोत" म्हणून सह्या गोळा करणारे आजोबा होते, त्यांच्याच गॅलरीत पिंजऱ्यात पोपट, विठू विठू करणारा. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं 😄 ताई तुमच्या चेअरमनच्या गॅलरीत बघा एकदा.

कागदवाला_काका
@खारूताई हसू आलं, पण ब्लॅकमेल नको. खरंच पोपट असेल तर वनविभागाला 1926 वर कळवा आणि ते लिफ्टच्या भांडणात आणू नका, नाहीतर उपनिबंधकासमोर तुमचा अर्ज वैयक्तिक वैर म्हणून निकालात निघतो.

@मोतीची_आई अजून एक, लोकांच्या दबावाने कुत्र्याला गावाला वगैरे सोडून यायचा विचारही करू नका. पाळलेला प्राणी असा टाकून देणं हाच 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे, म्हणजे त्रास देणारे मोकळे आणि केस तुमच्यावर. दंड मात्र त्या कायद्यात पहिल्या वेळेला 10 ते 50 रुपये, दहा रुपयांत आज एक वडापाव नीट येत नाही.

मोतीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. पक्यादादा, तुमचं वाचून कपाट उघडलं, लायसन्स दोन वर्षांपूर्वीच संपलेलं निघालं, जुन्या बिल्ल्यावरचा नंबरसुद्धा घासून गेलाय. परवा मोतीला इंजेक्शन देऊन रिन्यूअलचा अर्ज केला. ठरावाची प्रत मागितली, सेक्रेटरी पोच देईनात, मग स्पीड पोस्टाने पाठवलं. काल संध्याकाळी तेच लिफ्टमध्ये भेटले, मोती माझ्या पायाशी, माझ्या हातात फडकं. काही बोलले नाहीत, सातचं बटण त्यांनीच दाबलं. पण या महिन्याच्या बिलात 1000 आहेतच. पत्र जोडून बाकीचं भरतेय, उपनिबंधकांकडे सोमवारी जाते, कोणाकडे अर्जाचा नमुना असेल तर टाका ना प्लीज.