मदत हवी आहे: पाचही स्वर एकेकदाच येणारे लांब इंग्रजी शब्द (अर्थासह)

आठवी-नववीच्या मुलांसाठी भिंतीवर लावायचा तक्ता करायचा आहे. अट एकच: इंग्रजीतली ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरे शब्दात यायला हवीत आणि प्रत्येक एकदाच. शब्द शक्यतो दहा अक्षरांपेक्षा मोठे आणि मराठीत अर्थ सांगता येतील असे हवेत. आत्तापर्यंतची यादी: एज्युकेशन, कॉलीफ्लॉवर, न्यूमोनिया, माउंटेनिअर, सायमल्टेनिअस, बिहेविअर. शब्दकोश चाळत बसण्यापेक्षा काही सोपी पद्धत आहे का? आणि वाय स्वर धरायचा की नाही?

प्रतिसाद १

आधी यादीतले दोन काढा. माउंटेनिअरच्या शेवटी ई दोनदा आहे आणि सायमल्टेनिअसमध्ये यू दोनदा. बिहेविअर चालेल, पण ब्रिटिश स्पेलिंगनेच. अमेरिकन स्पेलिंगमधला यू गळतो आणि शब्द बाद होतो. फेवरिटचंही तेच. तक्त्याच्या कोपऱ्यात 'ब्रिटिश स्पेलिंग' असं लिहून टाका, नाहीतर मोबाइलवर स्पेलिंग तपासणारी मुलं वाद घालणार.

दुसरं म्हणजे उच्चारावर जाऊ नका. आपल्याला स्वर म्हटलं की बाराखडी आठवते आणि मुलं कानाने मोजायला लागतात. डायलॉग म्हणताना शेवटचे यू-ई ऐकूच येत नाहीत, पण लिहिताना आहेत, म्हणून शब्द बरोबर. 'लिहिलेली अक्षरे मोजा' हा नियम सगळ्यात वर हवा.

प्रतिसाद २

शब्द शोधू नका, शेपटीकडून बांधा.

'एशन' या शेवटात ए, आय, ओ आयतेच मिळतात. म्हणजे आधीच्या भागात फक्त एक ई आणि एक यू हवा, दुसरा कुठलाही स्वर नको. डेप्युटेशन (प्रतिनियुक्ती, सरकारी कचेरीत रोजचा शब्द), रेप्युटेशन (लौकिक), रेग्युलेशन (नियमन), ही तिन्ही दहा अक्षरी. अकरा अक्षरी: स्पेक्युलेशन (सट्टा किंवा नुसते तर्क लढवणे), परम्युटेशन (क्रम बदलून केलेल्या मांडण्या). बारा अक्षरी: परटर्बेशन (चलबिचल, खगोलशास्त्रात दुसऱ्या ग्रहाच्या ओढीने कक्षेत पडणारा फरक). फसतात ते असे: पॉप्युलेशनमध्ये ई नाही आणि ओ दोनदा, इव्हॅक्युएशनमध्ये ए दोनदा.

'आय-ओ-यू-एस' हा शेवट घेतला तर ए आणि ई तेवढे उरतात. टिनेशस (चिवट), निफेरिअस (दुष्ट, काळ्या कृत्यांचा), प्रिकेरिअस (डळमळीत, कधी कोसळेल ते सांगता येत नाही असा), ग्रिगेरिअस (प्राण्यांबाबत कळपाने राहणारा, माणसांबाबत गोतावळ्यात रमणारा).

पुढे 'अन' आणि मागे 'एबल' लावलं की यू, ए, ई झाले. मध्ये आय आणि ओ हवेत. अनप्रॉफिटेबल (न परवडणारा), अनफरगिव्हेबल (अक्षम्य), दोन्ही बारा अक्षरी. लांबी वाढवायची तर हा साचा सगळ्यात कामाचा.

प्रतिसाद ३

वर राहून गेलेली खरी रत्नं: फसीशस, म्हणजे एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. पाचही स्वर ओळीने, ए ते यू! अर्थ 'विनोदी' असा देऊ नका. नको तिथे पाचकळ विनोद करणारा, हा बरोबर. तसाच ॲबस्टीमिअस: ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस, खाण्यापिण्यात संयमी, मिताहारी. दोघांनाही 'एल-वाय' जोडा, म्हणजे वायसुद्धा रांगेत येतो. वायसाठी वेगळा रकाना ठेवा, पाचांत मिसळू नका.

उलट्या क्रमाचेही आहेत. सबकॉन्टिनेंटल (उपखंडाचा), चौदा अक्षरी, स्वर यू-ओ-आय-ई-ए. पंधरा अक्षरी अनकॉम्प्लिमेंटरी (कमीपणा आणणारा, स्तुतीच्या उलट) हाही तसाच, पण इथे हमखास चूक होते. 'पी-एल' नंतर आय हवा. तिथे ई लिहिला तर तो 'पूरक' अर्थाचा शब्द होतो, ई दोनदा येतो आणि आय नाहीसा होतो.

धागाकर्ता

शेपटीची युक्ती एकदम पटली. शंभरेक शब्द जमले तर एक्सेलमध्ये तपासता येतील का?

प्रतिसाद २

येतील. पहिल्या रकान्यात शब्द, पुढचे पाच रकाने पाच स्वरांचे. प्रत्येकात सूत्र असं: शब्दाची लांबी (लेन) वजा ते अक्षर काढून टाकल्यावर उरलेली लांबी (सबस्टिट्यूट वापरून अक्षराच्या जागी रिकामं अवतरण). उत्तर १ आलं तर ठीक. सहाव्या रकान्यात नुसती लेन. पाचही ठिकाणी १ असा फिल्टर लावा आणि लेनवर उतरत्या क्रमाने लावून घ्या.

दोन गोष्टी बिघडतात. सबस्टिट्यूटला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं वाटतं, त्यामुळे पहिलं अक्षर कॅपिटल असलेला एज्युकेशन ई शून्य दाखवतो. शब्द आधी 'लोअर'मधून (सगळी अक्षरं स्मॉल करणारं सूत्र) काढा. आणि कॉपी-पेस्ट केलेल्या शब्दामागे स्पेस राहिली की लांबी एकाने वाढते, त्याला 'ट्रिम' (जादा स्पेस काढणारं सूत्र).

प्रतिसाद ४

हाउसवॉर्मिंग घ्या, बारा अक्षरी. अर्थ मात्र 'वास्तुशांत' लिहू नका. ती पूजा, ही नव्या घरात गेल्यावर मित्रमंडळींना दिलेली मेजवानी.

तक्त्याच्या मधोमध अनकॉपीराइटेबल (ज्यावर कॉपीराइट घेता येत नाही असा) टाका. पंधरा अक्षरं, पाच स्वर, वाय, आणि एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. कोणी डर्मटोग्लिफिक्स (बोटं-तळव्यांवरच्या रेषांचा अभ्यास) सुचवेल. त्यातही पंधरा वेगवेगळी अक्षरं आहेत, पण यू नाही, त्यामुळे इथे तो बाद.