डलेसचा गोवा आणि ह्यूस्टनचा विमानतळ: एकाच निबंधात कसे बसवायचे?

म्हापसा_टीवाय
नमस्कार मंडळी. टीवायबीए इतिहासाच्या सेमिनारला विषय मिळालाय: महायुद्धानंतरचं अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि सामाजिक बदल. पंधरा मिनिटं मराठीत बोलायचं, सोबत लेखी निबंध द्यायचा, आणि गोव्याचा संदर्भ यायलाच हवा अशी सरांची अट. हाताशी आहे ते एवढं: १९५५ साली परराष्ट्रमंत्री डलेस गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणाले, १९६१ साली सुरक्षा परिषदेत अमेरिका भारताविरुद्ध गेली आणि रशियाने व्हेटो वापरला, आणि त्याच काळात तिकडे कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ चालू होती. तुकडे शेजारी ठेवता येतात, पण टाका काही बसत नाही.

पोर्तुगाल नाटोत होता, म्हणून अमेरिकेला त्याची बाजू घेणं भागच होतं का? चळवळीचा भाग ओढूनताणून न आणता कसा आणू? आणि १९६१ चा तो ठराव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सापडतच नाही. तो कुठे आहे?

कागदकिडा
शेवटच्या शंकेपासून सुरू करतो, कारण तिथे सगळेच अडतात. यादीत फक्त मंजूर झालेले ठराव असतात. व्हेटोने पडलेल्या ठरावाला ठराव क्रमांक मिळतच नाही, तो मसुदा म्हणूनच राहतो. तुम्हाला हवा तो मसुदा एस/५०३३: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान. त्याच्या आधीचा एस/५०३२ हा सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा (म्हणजे तेव्हाच्या इजिप्तचा), भारताच्या बाजूचा. दोन्हींवरची चर्चा परिषदेच्या ९८७ आणि ९८८ क्रमांकाच्या बैठकांच्या इतिवृत्तात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात हे क्रमांक टाकले की कागद उघडतात. ‘गोवा ठराव’ टाकून शोधाल तर दिवस जाईल.

आता मतं. तेव्हा परिषद ११ जणांची होती आणि मंजुरीला ७ मतं लागत. पाश्चात्त्य मसुद्याला बरोबर ७ मिळाली, विरोधात ४. म्हणजे रशियाचा व्हेटो शोभेचा नव्हता, त्याच्याशिवाय ठराव पास झाला असता. भारताच्या बाजूच्या मसुद्याला ४ विरुद्ध ७, तो तसाच पडला. त्या सातांत ‘चीन’ दिसेल. तो तैवानचा, च्यांग कै-शेकच्या सरकारचा. इथे घसरून थेट १९६२ च्या युद्धाशी नाळ जोडणारे निबंध दरवर्षी येतात. तुम्ही तो खड्डा टाळा.

दुसरा खड्डा तारखेचा. न्यूयॉर्क डिसेंबरात आपल्या साडेदहा तास मागे असतं. आपलं सैन्य १८ डिसेंबरच्या पहाटे आत शिरलं तेव्हा तिथे १७ ची संध्याकाळ होती, आणि परिषद १८ च्या दुपारी बसली तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून १९ तारीख लागली होती. इथल्या १९ च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाने शरणागती दिली. कालरेषा काढताना प्रत्येक नोंदीपुढे ‘इथली’ की ‘तिथली’ ते लिहा, नाहीतर घटनांचा क्रमच उलटतो.

नाटोचं उत्तर: नाही. १९४९ च्या कराराचं सहावं कलम वाचा. संरक्षणाची हमी युरोप, उत्तर अमेरिका, फ्रान्सचा अल्जेरिया आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचा अटलांटिक यांच्यापुरती. गोवा १५ अंश अक्षांशावर, तेही हिंदी महासागराच्या बाजूला. कायद्याने अमेरिकेवर काहीही बंधन नव्हतं. बंधन होतं ते अझोर्स बेटांचं. तिथल्या तेर्सेइरा बेटावरचा लाजेस हवाई तळ, अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांचा थांबा. १९५१ च्या करारातली शांतताकाळातल्या वापराची मुदत १९६२ च्या अखेरीस संपत होती. नाटोला तळाची गरज होती, पण किल्ली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याकडे होती. तळाचं भाडं कशात वसूल करायचं हे सालाझारला पक्कं ठाऊक होतं. मार्च १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने परिषदेत रशियाच्या जोडीने पोर्तुगालविरुद्ध मत दिलं. तो मसुदा ५ मतांवर अडला, ६ जण तटस्थ. डिसेंबरात तीच अमेरिका गोव्यावर पोर्तुगालच्या बाजूला. तुमच्या निबंधातली खरी गाठ या नऊ महिन्यांत आहे.

मांडवीकाठ
कागदकिडा यांच्या उत्तराला जोड. मी १९५५ कडे बोट दाखवेन, कारण बाय, तुमचा टाका तिथे आहे. हे एकच वर्ष धरा.

१५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक मेले. त्याच महिन्यात टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावरच्या उपाहारगृहात भारताचे राजदूत गगनविहारी मेहता जेवायला बसले. त्यांना कृष्णवर्णीय समजून मुख्य खोलीतून उठवलं आणि वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं. माफी मागितली डलेस यांनीच. नोव्हेंबर-डिसेंबरात सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतभर फिरत होते आणि गोवा भारताचा असं जाहीर सभांतून सांगत होते. त्याचा राग धरून २ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये डलेस आणि पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांचं संयुक्त पत्रक निघालं. ६ डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत डलेस आणखी पुढे गेले: आपल्या माहितीप्रमाणे सगळं जग गोव्याला पोर्तुगीज प्रांत मानतं, पोर्तुगाल तिथे सुमारे चारशे वर्षं आहे.

आणि आता हे बघा. १ डिसेंबरला मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक, ५ डिसेंबरला बसवरचा बहिष्कार सुरू. सगळं एका आठवड्यात.

जपून मात्र. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नाही. मॉन्टगोमेरीच्या लोकांना गोवा कुठे आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण डलेस यांच्या टेबलावर ऑगस्टात मेहतांचा कागद होता आणि डिसेंबरात गोव्याचा. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना अमेरिकेत कुठली खुर्ची मिळते, हा प्रश्न दोन्हीकडे होता. एकाला माफी मिळाली, दुसऱ्याला ‘प्रांत’ हा शब्द.

त्या शब्दावर एक परिच्छेद खर्च करा. १९५१ साली सालाझारने घटना दुरुस्त करून ‘वसाहती’ पुसल्या आणि त्यांना समुद्रापारचे प्रांत म्हटलं, म्हणजे वसाहती सोडा म्हणणाऱ्यांना ‘आमच्याकडे वसाहतच नाही’ असं उत्तर देता येतं. डलेस यांनी तोच शब्द उचलला. भारतातला संताप त्या शब्दाचा होता, अमेरिकेने काही कृती केली म्हणून नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी ती पळवाट डिसेंबर १९६० मध्ये बंद केली: ठराव १५४२ मध्ये पोर्तुगालच्या अ-स्वयंशासित प्रदेशांच्या यादीत गोवा नावानिशी आहे. घरात पोर्तुगीज वाचणारं कुणी वडीलधारं असेल तर त्या काळच्या सरकारी कागदांवरचे मथळे त्यांच्याकडून वाचून घ्या, कुठला शब्द कधी बदलला ते लगेच दिसतं.

म्हापसा_टीवाय
देव बरें करूं! मग असं लिहू का, की शीतयुद्धातल्या बदनामीच्या भीतीने अमेरिकेने कृष्णवर्णीयांना हक्क दिले?

मांडवीकाठ
‘दिले’ नको. ‘वाट थोडी मोकळी झाली’ एवढंच म्हणा आणि कागदाला धरून राहा. डिसेंबर १९५२ मध्ये ट्रुमन सरकारने शाळांतल्या वंशभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला जे निवेदन दिलं, त्यात परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांचं म्हणणं आहे की या भेदामुळे परदेशी संबंध बिघडतात. पण त्याच खटल्याचा १७ मे १९५४ चा ब्राऊन निकाल उघडा, त्यात परराष्ट्र धोरणाचा शब्दही नाही. निवेदन आणि निकाल यांची सरमिसळ ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक. लिटल रॉकचं उलट आहे: २४ सप्टेंबर १९५७ ला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाप्रवेशासाठी तिथे सैन्य पाठवल्याचं देशाला सांगितलं, तेव्हा जगात देशाची अब्रू जाते हे त्यांनी भाषणातच मांडलं. तिथे पुरावा थेट आहे.

चवथीची_माटोळी
मांडवीकाठ बाब, तुमचं सगळं वाहणं वरून खाली. सरकारला लाज वाटली म्हणून समाज हलला! उलट दिशा कुठे गेली?

१४ डिसेंबर १९६०. महासभेत वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव १५१४ मंजूर झाला, ८९ विरुद्ध शून्य. तटस्थ ९, त्यात पोर्तुगाल आणि अमेरिका शेजारी. मतदान झाल्यावर अमेरिकेच्याच शिष्टमंडळातल्या कृष्णवर्णीय सदस्या झेल्मा वॉटसन जॉर्ज उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. देश तटस्थ, बाई उभी. बाय, सेमिनारची सुरुवात इथून कर. वर्ग झोपणार नाही.

पुढची दोन उदाहरणं चळवळीने धोरण वाकवल्याची. १९६५ चा स्थलांतर कायदा घे. १९४६ पासून भारतीयांचा कोटा होता वर्षाला १००, हो, शंभरच. ज्या रेट्यातून नागरी हक्कांचे कायदे झाले त्याच रेट्यात जन्मदेशावर आधारलेला कोटा गेला. ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झाली, पूर्ण अंमल १ जुलै १९६८ पासून, पूर्व गोलार्धातल्या एका देशाला वर्षाला २०,००० ची मर्यादा. परराष्ट्र खात्यालाही तो कोटा अडचणीचाच होता, म्हणून इथे मांडवीकाठ थोडे बरोबर. दुसरं उदाहरण मात्र निखळ खालून वर: दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांचा १९८६ चा कायदा. महाविद्यालयं आणि चर्चनी वर्षानुवर्षं दबाव आणला, अमेरिकी काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी विधेयक लावून धरलं, अध्यक्ष रेगननी नकाराधिकार वापरला आणि दोन्ही सभागृहांनी तो उलथवला. सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१.

मांडवीकाठ
मान्य. १९८६ मी विसरलो नव्हतो, पण पंधरा मिनिटांत १,५०० शब्दांच्या वर जात नाहीत. बोलताना १९५५ आणि १९६१ पुरे, १९६५ आणि १९८६ लेखी निबंधात टाका.

कागदकिडा
कागद कुठे, हे राहिलंच. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःचे जुने गोपनीय कागद खंडवार छापतं, संकेतस्थळावर फुकट आहेत. गोव्यासाठी एक खंड उघडून भागत नाही. १९५५-५७ चा खंड ८ दक्षिण आशियाचा आणि खंड २७ पश्चिम युरोपचा, १९६१-६३ चा खंड १९ दक्षिण आशियाचा आणि खंड १३ पश्चिम युरोपचा. भारत एका विभागात, पोर्तुगाल दुसऱ्यात, गोवा दोघांच्या मध्ये लोंबकळत. फक्त खंड १९ वाचलात तर अमेरिका भारताला समजावताना दिसेल, फक्त १३ वाचलात तर अझोर्ससाठी घासाघीस करताना. डिसेंबर १९६१ च्या तारखा दोन्हींतून काढून एका कागदावर दोन रकाने करा. शोधताना ‘गोवा’बरोबर ‘पोर्तुगीज इंडिया’ आणि ‘अझोर्स’ हेही शब्द टाका.

छापील पुस्तकं लागली तर पणजीतल्या पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. तिथे जाण्याआधी बैठकांचे क्रमांक आणि तारखा वहीत उतरवून न्या.

म्हापसा_टीवाय
९८८ चं इतिवृत्त मिळालं. पण ते इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत आहे आणि परिच्छेदांना क्रमांक आहेत. उद्धृत करताना पान द्यायचं की परिच्छेद?

कागदकिडा
परिच्छेद. दोन भाषांतली पानं जुळतीलच असं नाही, परिच्छेदाचे आकडे तेच राहतात.