फिजिक्सच्या डिग्रीसाठी कर्ज काढावं का? हप्त्याचं गणित जुळत नाहीये

जामीनदार_ताई
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला फिजिक्सच करायचंय, दुसरं काही नको म्हणतो, आणि त्याला ते खरंच जमतं. प्रश्न पैशाचा आहे. आवडीचं कॉलेज मिळतंय पण फीसाठी शैक्षणिक कर्ज काढावं लागेल आणि जामीनदार मी. फिजिक्सवाल्यांच्या पगाराचे आकडे शोधले तर एकीकडे भरघोस, दुसरीकडे एकदमच कमी, काही कळेनासं झालंय. त्याचं मन मोडायचं नाही पण डोळे मिटून सहीही करायची नाही. जे यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा, पगार आणि कर्ज याचा मेळ कसा बघायचा?

हप्तेवारी
ताई, कर्ज किती घेतलं यापेक्षा हप्ता सुरू होईल त्या दिवशी किती झालेलं असेल ते आधी मांडा. समजा ३ वर्षांची डिग्री, एकूण कर्ज १००, दरवर्षी तिसरा हिस्सा उचलला, व्याज १० टक्के आणि डिग्रीनंतर एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत. व्याज मुद्दलात चढत गेलं तर पहिल्या हप्त्याच्या दिवशी १०० चे साधारण १३३ झालेले असतात, आणि ते १० वर्षांत फेडलं की एकूण भरणा जातो २११-२१२ वर. म्हणजे दुपटीच्या वर! शिकताना आणि सवलतीच्या वर्षातही नुसतं व्याज जरी भरत राहिलात तरी हाच आकडा १८९ च्या आत राहतो.
मग पगाराशी तुलना. हप्ता सुरू होताना उरलेलं कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराएवढं असेल तर याच दराने पगारातले साधारण १६ टक्के हप्त्यात जातात, कर्ज त्याच्या दुप्पट असेल तर ३२. सोळा निभावतात. बत्तीस असले की पोरगं पहिली मिळेल ती नोकरी धरतं आणि सोडायला घाबरतं, हे मी जवळच्या माणसाच्या बाबतीत बघितलंय.

ओरिंग
पगाराचे आकडे असे का दिसतात ते सांगतो. फिजिक्सवाले डिग्रीनंतर फुटतात. बरेच जण पुढे शिकायला जातात आणि काही वर्षं स्टायपेंडवर असतात, त्यांना मोजलं की आकडा पडतो, वगळलं की वर जातो. आणि भरघोस दिसतात ते बरेचदा सॉफ्टवेअर, डेटा, फायनान्सकडे वळलेले किंवा पीएचडी झालेले. सरासरी बघूच नका, चार मोठ्या पगारांनी ती फुगते. मीडियन बघा (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो), तेही फक्त बॅचलर्स करून नोकरीला लागलेल्यांचं.
'फिजिसिस्ट पाहिजे' अशी जाहिरात फार क्वचित येते हेही त्याला आत्ताच सांगा. मला नोकरी लागली ती एका केसामुळे. मास्टर्सला आमच्या व्हॅक्यूम चेंबरमधला (आतली हवा काढून टाकतात ती पेटी) दाब १०⁻³ मिलिबारच्या खाली जाईना, पंप बदलला, गेज तपासलं, तीन आठवडे गेले, शेवटी हेलियम लीक डिटेक्टर लावून एकेक जॉइंटवर हेलियम फवारत गेलो तेव्हा एका ओ-रिंगवर (जॉइंट हवाबंद करणारी रबरी कडी) आडवा पडलेला केस सापडला. इंटरव्ह्यूला पंपाबद्दलच विचारलं आणि मी हे सगळं क्रमाने सांगितलं. पुस्तकातलं फारसं विचारलंच नाही. भावाला म्हणावं एक उपकरण आतून-बाहेरून शिक आणि पायथॉन प्रोग्रामिंग पक्कं कर.

अर्धी_वाट
ताई, मी पीएचडी चौथ्या वर्षी सोडली. विषय नकोसा झाला म्हणून नाही, घरी पैसे लागत होते आणि डिग्रीच्या कर्जाचा हप्ता स्टायपेंडमधून जात होता. पुढे शिकत असेपर्यंत हप्ता थांबेल असं मी धरून चाललो होतो, करारात तसं नव्हतं. सही करायच्या आधी हे कलम वाचा: सवलत फक्त याच डिग्रीपुरती की पुढच्या शिक्षणालाही, आणि थांबलेल्या काळातलं व्याज मुद्दलात जातं का. पीएचडीला तर कर्ज काढूच नका, स्टायपेंड देत असतील तरच जायचं. मेडिकल फिजिक्समध्ये (रेडिएशन उपचारांसारखं हॉस्पिटलमधलं फिजिक्सचं काम) जायचं असेल तर मास्टर्स आणि हॉस्पिटलमधलं ट्रेनिंगही लागतं, तेवढी वर्षं आधीच धरा.
फिजिक्स केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ते कलम न वाचल्याचं वाटतं.

जामीनदार_ताई
मनापासून थँक्यू सगळ्यांना. काल रात्री भावाला शेजारी बसवून आमचे आकडे मांडले. या कॉलेजात हप्ता पगाराच्या २९ टक्क्यांवर जातोय, आणि दुसरं एक साधं कॉलेज आहे तिथे १३. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला तिथली लॅब बघून येऊ. ओरिंग दादा, लॅबमध्ये नेमकं काय बघायचं?

ओरिंग
उपकरणं किती महाग आहेत ते बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि विचारा, ऑसिलोस्कोपला (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं उपकरण) शेवटचा हात कधी लावला होता आणि बिघडलं तर स्वतः उघडू देतात का.