क्रीडा-आहारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्यातच व्यवसाय करायचा आहे. निवड कशी करावी?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. आहारशास्त्राची पदवी घेतल्यानंतर गेली तीन वर्षे मी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि शस्त्रक्रियेनंतरचा आहार हे माझे रोजचे काम. ते मला आवडते. तरीही क्रीडा-आहारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे आणि पुढे पूर्ण वेळ खेळाडूंबरोबरच काम करावे, हा विचार आता पक्का होत आला आहे.

त्यामागचे कारण सांगते. महाविद्यालयात असताना मी 1500 मीटर धावत असे. वजन उतरले की वेळ सुधारते, असे तेव्हा सगळेच म्हणत आणि सुरुवातीला माझी वेळ खरोखर सुधारलीही. नंतर आठ महिने पाळी आली नाही, त्याकडे मी दुर्लक्ष केले आणि पुढच्याच हंगामात नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. हाडावरचे उपचार व्यवस्थित झाले, पण मी किती खाते आणि किती धावते, हे मला कोणी एकदाही विचारले नाही. ते विचारण्याचे काम मला करायचे आहे.

एक वर्षाचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम घ्यावा की नोकरी सांभाळून दोन वर्षांचा दूरस्थ? काही महिन्यांचे प्रमाणपत्र पुरेसे ठरते का? आणि रुग्णालयातला अनुभव या क्षेत्रात धरला जातो की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते?

प्रतिसाद 1

मी बारा वर्षे सांघिक आणि वैयक्तिक अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंबरोबर काम करतो आहे. तुमच्या प्रश्नाचा क्रम थोडा बदलून उत्तर देतो, कारण वर्ष एक की दोन, हा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. आधी हे ठरवा की पुढे कोणत्या देशात काम करायचे आहे आणि तिथे खेळाडूला आहाराचा सल्ला देण्यासाठी कोणती नोंदणी लागते. अमेरिकेत 1 जानेवारी 2024 पासून नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसण्यासाठीच पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे, आणि क्रीडा-आहाराचे विशेषज्ञ प्रमाणपत्र त्यानंतर, खेळाडूंबरोबर प्रत्यक्ष कामाचे तास भरल्यावर आणि आणखी एक परीक्षा दिल्यावर मिळते. ऑस्ट्रेलियातही आधी मान्यताप्राप्त आहारतज्ज्ञ व्हावे लागते. ब्रिटनमध्ये क्रीडा आणि व्यायाम-आहाराची स्वतंत्र नोंदवही आहे; तिच्यात आहारतज्ज्ञांना जसा प्रवेश आहे तसा क्रीडाविज्ञानाच्या वाटेने आलेल्यांनाही आहे. त्यामुळे एकच पदवी एका ठिकाणी दार उघडते आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती प्रस्तावना ठरते. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात कोणत्या नोंदणीला तो मान्य आहे, हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर प्रवेश घेण्याआधी संस्थेकडून लेखी उत्तर मागवा.

तुमचा रुग्णालयातला अनुभव मी अजिबात कमी लेखणार नाही. रक्ताचे अहवाल वाचणे, औषधे आणि आहार यांचा संबंध ओळखणे, थकलेल्या आणि घाबरलेल्या माणसाकडून त्याच्या खाण्याची खरी माहिती काढून घेणे, हे तुम्हाला येते. क्रीडाविज्ञानातून आलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांना ते शिकायला अनेक वर्षे लागली. उणीव असेल ती व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राची. तासाला 60 ग्रॅम कर्बोदके हा आकडा पाठ करणे सोपे आहे. पण आतड्यातून ग्लुकोज आत घेणारा वाहक साधारण तेवढ्यावर भरून जातो, फ्रुक्टोज वेगळ्या वाहकाने जाते आणि म्हणूनच अडीच तासांहून लांबलेल्या स्पर्धेत दोन्हींच्या मिश्रणाने 90 ग्रॅमपर्यंत जाता येते, हे समजले की शर्यतीत पोट बिघडलेल्या सायकलपटूला काय सांगायचे ते तुमचे तुम्हालाच सुचते. ही समज देणारा अभ्यासक्रम निवडा.

रोजचे काम कसे असते, याची एक झलक देतो. सरावाआधी मैदानाच्या कडेला वजनकाटा मांडायचा, प्रत्येकाची बाटली भरून तिचेही वजन करायचे. एखादीचे वजन सरावाआधी 64.2 किलो भरले, दीड तासाने अंग पुसून पुन्हा काट्यावर उभी राहिल्यावर 62.9 भरले आणि मधल्या काळात ती 600 मिलिलीटर पाणी प्यायली असेल, तर तिला साधारण 1.9 लिटर घाम आला. तिच्या शेजारी तोच सराव केलेली मुलगी याच्या निम्माही घाम गाळत नाही. दोघींना एकच सल्ला दिला तर एक कोरडी पडेल आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातले सोडियम उतरवून बसेल. हे गणित शाळकरी आहे. कठीण भाग हा की दमून आलेल्या पंचवीस जणांनी काट्यावर उभे राहायला कुरकुर करू नये, आणि ज्यांना वजनाच्या आकड्याचीच भीती वाटते त्यांना तो आकडा दाखवावा की नाही, हे तुम्हाला त्या क्षणी ठरवता यावे.

प्रमाणपत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मूळ पदवी आणि नोंदणी असलेल्या व्यक्तीने ज्ञान ताजे ठेवण्यासाठी लहान अभ्यासक्रम जरूर करावेत, पण केवळ त्यांच्या बळावर खेळाडूची जबाबदारी घेऊ नये. उत्तेजकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था 1999 मध्ये स्थापन झाली. तिची निषिद्ध यादी दरवर्षी नव्याने निघते आणि 1 जानेवारीपासून लागू होते. कॅफीन 2004 मध्ये त्या यादीतून वगळले गेले, म्हणजे यादी दोन्ही बाजूंनी बदलते. निषिद्ध पदार्थ शरीरात कसाही गेला असला तरी जबाबदारी खेळाडूचीच, हे या नियमांचे मूळ तत्त्व आहे. दूषित पावडरचा एक डबा सुचवणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. ती घेणाऱ्या मुलाची कारकीर्द मात्र संपू शकते.

प्रतिसाद 2

मी दुसऱ्या वाटेने आलो आहे, म्हणून एवढेच जोडतो. माझी पदवी क्रीडाविज्ञानाची, पदव्युत्तर शिक्षण क्रीडा-आहाराचे. निरोगी खेळाडूसाठी स्पर्धेचे नियोजन मी आत्मविश्वासाने करतो, परंतु मधुमेह असलेला किंवा खाण्याच्या मानसिक विकाराची लक्षणे दिसणारा खेळाडू समोर आला की मला तो आहारतज्ज्ञाकडे आणि डॉक्टरांकडे पाठवावाच लागतो. ते योग्यच आहे. मात्र एकाच माणसाची नेमणूक करू शकणारे लहान संघ अशा वेळी दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या उमेदवाराला पसंती देतात, आणि तिथे तुमचे पारडे जड राहील.

शक्य असेल तर शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचा प्रथम स्तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाबरोबरच पूर्ण करा. 1986 मध्ये स्थापन झालेली ‘आयसॅक’ ही संस्था तो घेते. अंगठा आणि तर्जनीत त्वचेची घडी धरायची, पेनाने केलेल्या खुणेवर कॅलिपर, म्हणजे घडीची जाडी मोजणारा चिमटा, टेकवायचा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा, एवढेच ऐकायला असते. पण पहिल्या आठवड्यात मी एकाच माणसाची एकच घडी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, कारण खूण जेमतेम सेंटिमीटरभर सरकली होती. स्वतःच्या मोजमापातली चूक किती, हे काढायला तिथे शिकवतात. ती सवय लागल्यावर पंधरा दिवसांत उतरलेल्या दोन मिलिमीटरचे कौतुक प्रशिक्षकासमोर करताना माणूस थांबतो.

प्रतिसाद 3

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवते. प्रमाणपत्र आणि पदव्युत्तर पदवी यांतला खरा फरक, माझ्या मते, तुमच्या स्वतःच्या अनुभवाच्या आधारे सांगता येईल.

तुम्ही जे भोगले त्याचे नाव आज क्रीडाजगतात बहुतेकांना माहीत आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता ही संकल्पना मांडली आणि 2018 व 2023 मध्ये ती सुधारली. तिच्या मुळाशी ऊर्जा-उपलब्धता आहे: खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला चरबी वगळून राहिलेल्या वजनाने भागायचे. 2,200 किलोकॅलरी खाऊन 900 व्यायामात घालवणाऱ्या आणि चरबीविरहित वजन 50 किलो असलेल्या धावपटूकडे प्रतिकिलो 26 किलोकॅलरी उरतात. हृदय, हाडे, संप्रेरके, प्रतिकारशक्ती या सगळ्यांनी तेवढ्यावर भागवायचे. 30 च्या खाली गेले की धोका, असे कोणत्याही लहान अभ्यासक्रमात शिकवतात, आणि गणित तिथेच संपते.

माझ्या वर्गात ते तिथून सुरू होते. हा 30 चा आकडा ज्या प्रयोगामुळे रूढ झाला तो लाउक्स आणि थुमा यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 29 तरुण स्त्रिया होत्या, त्यांची पाळी नियमित होती, त्या एरवी व्यायाम न करणाऱ्या होत्या, आणि वेगवेगळ्या ऊर्जा-उपलब्धतेवर त्यांना पाच दिवस ठेवून पाळीशी निगडित संप्रेरकाची स्पंदने मोजली गेली. प्रयोग अतिशय काळजीपूर्वक केलेला आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. परंतु पाच दिवसांत, प्रयोगशाळेत, न खेळणाऱ्या स्त्रियांमध्ये दिसलेली मर्यादा वर्षभर सराव करणाऱ्या पुरुष नौकानयनपटूला जशीच्या तशी लावता येईल का? शिवाय मैदानावर आहाराची नोंद खेळाडू स्वतः लिहितो, व्यायामाचा खर्च घड्याळ अंदाजाने सांगते, आणि तिन्ही आकड्यांतल्या चुका एकत्र आल्या की 26 आणि 33 यांच्यात भेद करणे कठीण होते. म्हणून त्या आकड्यावर निदान सोडून न देता पाळीचा इतिहास, हाडांच्या दुखापती, रक्ततपासणी आणि हाडांची घनता हे सगळे एकत्र पाहावे लागते. तुमच्या बाबतीत आठ महिने थांबलेली पाळी हा कोणत्याही आकड्यापेक्षा स्पष्ट पुरावा होता. तो समोर असूनही कोणी पाहिला नाही, याचे मला वाचताना फार वाईट वाटले.

तेव्हा अभ्यासक्रम पाहताना संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती किती तास शिकवतात, आणि शोधप्रबंधासाठी स्वतः माहिती गोळा करावी लागते की केवळ वाचलेल्या लेखांचा आढावा पुरतो, हे विचारा. आढावा घेणेही उपयोगाचे आहे. पण वीस खेळाडूंच्या आहारनोंदी स्वतः तपासल्या, की लोक नेमके काय लिहायचे विसरतात हे कायमचे लक्षात राहते.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. तो पाच दिवसांचा प्रयोग मी आजवर फक्त आकड्याच्या रूपात ओळखत होते. आता दूरस्थ की पूर्ण वेळ, एवढेच उरते. नोकरी सोडणे मला सध्या शक्य नाही.

प्रतिसाद 1

मग दूरस्थ घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची क्रीडा-आहाराची पदविकाही दोन वर्षांची, अर्धवेळ आणि दूरस्थच आहे, आणि ती घेतलेले अनेकजण उत्तम काम करत आहेत. मात्र ती पदविका आहे, पदवी नव्हे. तुम्हाला हव्या असलेल्या नोंदणीसाठी ती चालते का, ते आधी तपासून घ्या. दूरस्थ शिक्षणात उणीव राहते ती देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाची. तेव्हा संस्थेला विचारा की ते तास कोण मिळवून देते, त्यांवर सही कोण करते आणि ती व्यक्ती स्वतः नोंदणीकृत आहे का. ही जबाबदारी विद्यार्थ्यावर सोडलेली असेल, तर प्रवेशाआधीच जवळच्या एखाद्या क्लबशी बोलणे सुरू करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला जा. पहिला महिना कोणालाही आहारतक्ता देऊ नका. फक्त कोण सरावाआधी काही खाऊन येते, कोण थेट कामावरून किंवा वर्गातून उपाशी येते आणि सराव संपल्यावर कोणाला घरी पोहोचायला किती वेळ लागतो, हे वहीत लिहीत जा. प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही बरोबर न्या.