मोगऱ्याची मुळंच खाल्लीत, शेवंती कशी वाचवू?

धायरीची बाग:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे घरापुढे छोटी बाग आहे, सहा वर्षांचा मोगरा, दोन गुलाब आणि आईने दिलेल्या काश्यांची (मुळाशी फुटणाऱ्या रोपांची) शेवंती. आठ दिवस मोगरा दुपारी माना टाकत होता, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घालत राहिले. काल फांदी धरून जरा हलवली तर अख्खं झाड हातात! तंतुमुळं जवळपास गायब, खालचा खुंट सोलून काढल्यासारखा, आणि मातीत पांढऱ्या जाड अळ्या, डोकं तपकिरी, हातात घेतली की मुटकुळं करून पडते. शेवंती अजून उभी आहे, आई आता नाही त्यामुळे ती जायला नकोय. प्लीज सांगा.

ऊसवाला:
ताई, ही हुमणी. आमच्याकडे उसात हिनेच नाकी नऊ आणलेत. वळवाच्या पावसानंतर हिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, जमिनीतून वर येतात, अंधार पडला की कडुनिंब, बाभळीचा पाला खातात आणि मादी मातीत अंडी घालते. आता ऑगस्टमध्ये अळी मोठी झालीय म्हणजे खाणार दाबून. उन्हाळ्यात शेणखत घातलं होतं का? नीट कुजलेलं नसलं की त्यातनंही येते.

गच्चीवरची माती:
एक मिनिट, औषध टाकायच्या आधी अळी सपाट फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरपटत गेली तर ती बहुतेक कुजका पालापाचोळा खाणारी, कॉम्पोस्टमध्ये असते ती, तिला मारू नका. हुमणी कुशीवर पडून राहते नाहीतर पायांवर रांगते. मी पहिल्या वर्षी सगळ्याच वेचून फेकल्या, अजून वाईट वाटतं.

कोथरूडचे काका:
शेवंतीभोवती चार बोटं माती हलक्या हाताने उकरा आणि दिसतील त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, घरच्या बागेत याच्यासारखा उपाय नाही. मग मेटारायझियम आणा, ती अळी मारणारी मित्रबुरशी आहे, लिटरला 10 ग्रॅम, संध्याकाळी ओल्या मातीत मुळांपाशी ओता. पण त्याच सुमारास बुरशीनाशक अजिबात घालू नका, ही पण बुरशीच, मरून जाईल. आठवडाभरात रिझल्ट मागू नका, हळू काम करते. आणि मोगरा टाकू नका हो! फांद्या निम्म्या छाटा, स्वच्छ मातीच्या कुंडीत लावून सावलीत ठेवा, एवढ्याशा मुळांना तेवढा पाला पोसवत नाही.

धायरीची बाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. मे मध्ये ट्रॉलीभर शेणखत घेतलं होतं, हात लावला तर गरम लागत होतं, तेव्हाच कळायला हवं होतं. फरशीवर ठेवली, कुशीवरच पडून राहिली. शेवंतीखाली 11 निघाल्या, पण मुळं बरीच शाबूत आहेत. मोगरा छाटून कुंडीत लावलाय, जिन्याखाली ठेवलाय.

ऊसवाला:
जिन्याखाली उजेड येतो ना तेवढं बघा ताई. आणि पुढच्या वळवाला रात्री आठच्या सुमारास जवळच्या कडुनिंबाखाली चादर अंथरून फांद्या हलवा, भुंगेरे पडतील ते तिथेच गोळा करा.