पाहणारे पुष्कळ, आरक्षण मात्र नाही

प्रश्न: सुट्टीसाठी भाड्याने देत असलेल्या आमच्या घराची जाहिरात रोज अनेक जण पाहतात, परंतु आरक्षण क्वचितच होते. छायाचित्रे बदलूनही फरक पडला नाही. नेमके कुठे अडत असावे?

प्रतिसाद १: लोक जाहिरात उघडतात, म्हणजे पहिले छायाचित्र आपले काम चोख करीत आहे, अडचण त्यापुढे आहे. आपण स्वतः पाहुणा म्हणून २ रात्रींचे आरक्षण शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन पाहावे. पुष्कळदा एका रात्रीचा दर आकर्षक असतो, पण स्वच्छता शुल्क आणि सेवाशुल्क मिळून झालेली एकूण रक्कम पाहून माणूस मागे फिरतो, आणि मुक्काम जितका लहान तितके हे शुल्क अधिक बोचते.

प्रतिसाद २: किमान मुक्कामाची अटही तपासावी. ती ३ रात्रींची असल्यास दोन आरक्षणांमधल्या २ रात्री रिकाम्याच राहतात.

प्रश्नकर्ता: अट ३ रात्रींचीच आहे! हे ध्यानातच आले नव्हते.

प्रतिसाद ३: मग निदान अशा मधल्या दिवसांपुरती ती शिथिल करावी. चौकशीला उत्तरही लवकर द्यावे, कारण पाहुणा एकाच वेळी अनेक घरांना विचारत असतो. मी वाहनतळ आणि जिन्याच्या पायऱ्यांची माहिती वर्णनातच लिहिली, तेव्हा निरर्थक चौकशा बऱ्याच कमी झाल्या.