नेट कॅफेत काढलेला ईमेल, जुना नंबर, गुगलवर सापडणारं नाव : प्लेसमेंटआधी काय काय आवरायचं?

प्रश्न : तिसरंवर्ष_बीएस्सी
सोलापुरात बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. लवकरच पुण्याच्या कंपन्यांचे इंटरव्ह्यू सुरू होतील. अकरावीपासून सगळे फॉर्म नेट कॅफेत भरलेत. ईमेलसुद्धा तिथल्याच दादांनी काढून दिला, रिकव्हरीला नंबर त्यांचाच आहे. शाळेत असतानाचं फेसबुक, शिवाय इन्स्टा आणि गिटहब (कोड ठेवायची साइट). सगळं एकदम डिलीट करून टाकू का?

सेतू_खिडकी
डिलीट नंतर. आधी ईमेल ताब्यात घे, कारण महाडीबीटीपासून (शिष्यवृत्तीचं पोर्टल) इन्स्टापर्यंत सगळ्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात.

गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जा. आधी रिकव्हरी फोन बदल, मग रिकव्हरी ईमेल, मग पासवर्ड. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर. उलट क्रमाने केलंस तर नवा पासवर्ड पडला तरी जुन्या नंबरवरून तो परत बदलता येतो. नंबर बदलल्यावरही ७ दिवस गुगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, त्यामुळे तो आठवडा लॉगिनच्या सूचना बघत राहा. 'युअर डिव्हायसेस'मध्ये कॅफेचा कॉम्प्युटर दिसला तर साइन आउट कर. आणि जीमेल कॉम्प्युटरवर उघडून सेटिंग्जमधलं फॉरवर्डिंग (आलेले मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची सोय) तपास. मोबाइलच्या ॲपमध्ये ते दिसत नाही, म्हणून बहुतेकांचं राहून जातं.

जुनं सिम टाकून दिलं असेल तर तेही बघ. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते आणि मग तुझे ओटीपी त्याच्या हातात. बँक, आधार, डिजिलॉकर, इन्स्टा, सगळीकडचा नंबर सिम सोडायच्या आधी बदलायचा असतो.

सातरस्ता_४१३
आता स्वतःलाच शोध. इन्कॉग्निटो विंडोत पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाक, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. आपल्याकडची आडनावं इंग्रजीत तीन-तीन पद्धतींनी लिहितात (बिराजदार, बिरादार घ्या), ती सगळी करून बघ. मग मोबाइल नंबर तसाच शोध. नावापुढे 'फाइलटाइप:पीडीएफ' इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहिलंस तर मेरिट लिस्ट, स्पर्धांचे निकाल असल्या फाइली वर येतात. मोबाइल नंबर आणि जन्मतारीख बरेचदा त्यांतूनच फुटते, इन्स्टाला उगाच बोल लागतो.

अशी फाइल सापडली तर ज्यांच्या वेबसाइटवर आहे त्यांना लिंकसह लेखी कळव. ती तिथून उतरल्यावरही गुगलमध्ये काही दिवस दिसते. तेव्हा गुगलचं 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' टूल वापरायचं. फाइल जागेवर असतानाच अर्ज केलास तर फेटाळला जाईल.

तिसरंवर्ष_बीएस्सी
ईमेलचं झालं, धन्यवाद. फॉरवर्डिंग खरंच चालू होतं! फेसबुकचं काय करू? गड्ड्याच्या जत्रेतले टॅग केलेले ढीगभर फोटो आहेत.

रात्रपाळी_ॲडमिन
जत्रेच्या फोटोंनी कुणाची नोकरी जात नाही. मोठ्या सार्वजनिक पेजवरच्या भांडणांतल्या तुझ्या कमेंट शोध. प्रोफाइल लॉक केलं तरी त्या सगळ्यांना दिसतात. ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये कमेंटची वेगळी यादी मिळते, तिथून उडव. 'लिमिट पास्ट पोस्ट्स' दाबलं की तुझ्या जुन्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. दुसऱ्याने टाकलेल्या फोटोला ते लागू नाही, तिथे स्वतःचा टॅग काढावा लागतो.

अकाउंट नकोच असेल तर ॲप काढून काही होत नाही आणि डीॲक्टिव्हेटने फक्त झाकलं जातं. आधी डेटा डाउनलोड कर, मग डिलीट. ३० दिवसांच्या आत चुकून लॉगिन केलंस तर डिलीट रद्द होऊ शकतं.

गिटहब मात्र ठेव, इंटरव्ह्यूला तेच बघतात. फक्त कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) टाकली असेल तर नुसती ती ओळ खोडू नकोस. जुन्या कमिटमध्ये (बदलांच्या जतन झालेल्या नोंदीत) ती तशीच राहते. ज्या सेवेची की आहे तिथे जाऊन ती रद्द कर आणि नवी घे. सेटिंग्जमध्ये ईमेल प्रायव्हेट ठेवायचा पर्याय आहे, तो यापुढच्या कमिटनाच लागू होतो, जुन्यांना नाही.

सेतू_खिडकी
झेरॉक्सचं राहिलं. प्रिंटसाठी आधारची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची सवय सोडा. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी दुकानातल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली फाइल तिथेच राहते. पेनड्राइव्ह बरा, पण त्यावर फक्त तेवढीच फाइल ठेवा. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली ४ मोठी अक्षरं आणि जन्मसाल. पूर्ण आधारच मागितलं तर झेरॉक्सवर आडवं लिहा, कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली, आणि मजकुरावरून जाईल अशी सही करा.

तुझ्या आधारच्या इतक्या प्रती फिरल्यात, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घे. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच 'नॉट माय नंबर' निवडून तक्रार करता येते. पैशांची फसवणूक झालेली असेल तर मात्र थेट १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, वेळ न घालवता.